वंदनेच्या डब्याचा चार्जर

आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात अ‍ॅडाप्टर नावाची वस्तू कोणाच्याच घरी नाही. आहे तो चार्जर. मोबाईलचा चार्जर तर चार्जरच. पण टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सचा चार्जर, वायफायच्या डब्याचा चार्जर, वाफाऱ्याच्या मशीनचा चार्जर, बाळाचा पाळणा हलवणाऱ्या मोटारीचाही चार्जर. सुरुवातीला मी लोकांना सुधारायचो. "यानं चार्ज काही होत नाही हो, भिंतीतली मोठी वीज लहान करून देते ही वस्तू," असं सांगत बसायचो. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी माझं सगळं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे जी तुमचं. आता तो चार्जर द्या." त्या दिवसापासून मीही चार्जर म्हणतो. या लेखातही तसंच म्हणणार. संपादकांनी बदललं तर त्यांचा दोष.

माझं दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे काय, मी आत बसलो की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. पोट सुटल्यापासून मलाही अर्धं बाहेरच बसावं लागतं. ऐन उमेदीत मी टेपरेकॉर्डर शिकलो, तर टेपरेकॉर्डर गेले. मग डब्बा टीव्ही शिकलो, ते भिंतीला टांगायचे झाले. सीडी प्लेयर शिकायला तर गोंदियाला जाऊन राहिलो होतो. परत आलो तेव्हा लोक सीड्या शेतात पाखरं हाकलायला बांधत होते. बायको म्हणते, "तुम्ही मोबाईल नका शिकू बापा. लोकाईची पंचाईत होईल." म्हणून मोबाईल शिकलो नाही. उरले ते चार्जर. रेडिओ गेले, टीव्ही बदलले, पण भिंतीतून वीज घेणारी आणि ती पचवू न शकणारी नाजूक यंत्रं वाढतच गेली. त्यांच्या मधला मध्यस्थ म्हणजे चार्जर, आणि त्या मध्यस्थाची सोयरीक जुळवणारा मी.

सोयरीक मुद्दाम म्हणतो. कारण लोक येतात ते फक्त पिन घेऊन. "ही पिन बसली पाहिजे." पिन बसली म्हणजे झालं! पोरापोरीची उंची जुळली म्हणजे लग्न लावून टाका, तसं हे. स्वभाव कोण पाहील? एका मास्तरांनी लॅपटॉपचा चार्जर वायफायच्या डब्याला लावला. पिन छान बसली. डब्याला हवे होते बारा व्होल्ट, चार्जर देत होता एकोणीस. मास्तर मला म्हणाले, "आधी सगळे दिवे लागले, इंटरनेट फास्ट झाल्यासारखं वाटलं, मग त्यानं अगरबत्ती लावली." दुसरे एक गृहस्थ पिन बसेना म्हणून ती ब्लेडनं सोलून आणायचे, पेन्सिलला टोक करावं तशी.

हे व्होल्ट-अँपिअर समजावून सांगणं मला फार दिवस जमत नव्हतं. जमलं ते सासऱ्यांमुळे. ते नवेगाव बांधकडचे, इटियाडोह धरणाच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर, धान करायचे. त्यांना मी म्हटलं, मामाजी, व्होल्ट म्हणजे नहराच्या पाण्याचा जोर. जोर जास्त झाला तर बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, धुरा फुटतो, आणि कमी पडला तर पाणी वरच्या बांधीत चढतच नाही. म्हणून व्होल्ट जितके लिहिलेत तितकेच पाहिजेत, त्यात घासाघीस नाही. अँपिअर म्हणजे नहरात पाणी किती आहे ते. ते जास्त असलं तर बिघडत नाही, बांधी लागेल तेवढंच घेते. कमी असलं तर मात्र शेवटचा शेतकरी बोंब मारतो आणि चार्जर तापतो. सासऱ्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही नहराचं पाणी वाटणारे पाटकरीच म्हणा ना." इतकी वर्षं जावई काय धंदा करतो ते त्यांना कळत नव्हतं, ते त्या दिवशी कळलं, आणि त्यांचं समाधान झालं नाही.

राहिलं प्लस-मायनस. बहुतेक चार्जरच्या पिनेत आत प्लस असतो नि बाहेर मायनस. पण काही वाजवायच्या कीबोर्डात उलटं असतं. वस्तूच्या पाठीवर एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका नि दोन बाजूंना दोन चिन्हं. ते कोणी पाहत नाही. आमच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन, म्हणजे आता कीबोर्डच, वाजवणारे एक कलावंत होते. त्यांनी ऐन नाटकाच्या दिवशी सेट-टॉप बॉक्सचा चार्जर कीबोर्डला लावला. पिन बसली, व्होल्टही जवळपास तेवढेच. फक्त आतलं बाहेर नि बाहेरचं आत. कीबोर्ड गेला. शेवटी भजनी मंडळाची पेटी मागून आणली आणि खलनायकाची एंट्री अभंगाच्या पेटीवर झाली. लोकांना आवडली म्हणतात.

हे हसण्यावारी जाणारं. एक मात्र गेलं नाही. तापून वितळायला आलेला एक चार्जर मी कुचकामी म्हणून टोपलीत टाकला होता. मी जेवायला गेलो असताना ओळखीतल्याच कोणी तो उचलला. त्याच्या घरच्या डब्याला पिन बसली असणार. घरचे शेतात रोवणीला गेले आणि चार्जर चालूच राहिला. टीव्ही, शोकेस आणि मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेले कपडे, एवढं जळलं. माणसं वाचली. त्यानंतर मी एक रीत पाडली. जो चार्जर मी मेला म्हणून सांगेन, त्याची वायर गिऱ्हाइकासमोरच पक्कडीनं मुळाशी कापायची. त्यामुळे गल्लीत मला नाव पडलं, वायर कापणारे भाऊ. मला ते आवडायचंही. डॉक्टर मेलेल्याचं सर्टिफिकेट देतो, मी पक्कड चालवतो, एवढाच फरक.

आता ज्या गिऱ्हाइकासाठी हा लेख लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

आठवडी बाजाराच्या दिवशी प्रवीण नावाचा एक जण आला. तिशीतला असेल, गोंदियाला हार्डवेअरच्या दुकानात कामाला, घर आमच्या तालुक्यातल्याच एका खेड्यात. पिशवीतून त्यानं एक छोटा डबा काढला, साबणाच्या पेटीएवढा. नागपूरला दीक्षाभूमीवर विकायला असतात ते. चालू केला की त्रिसरण-पंचशील म्हणत राहतो, थांबत नाही. बौद्ध घरांत बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोजवळ तो ठेवलेला असतो. वंदनेचा डबा म्हणतात त्याला. डब्यासोबत त्याचा चार्जर होता, जुन्या पद्धतीचा, आत तांब्याच्या तारेची वेटोळी असलेला, जड.

"काका, ये बहुत गरम होऊन राहिला," प्रवीण म्हणाला. "मम्मी दिवसरात्र चालू ठेवते. बंद करू देत नाही. फोटोले प्लास्टिकचे हार आहेत, बाजूला पडदा आहे. मले ड्युटीवर चैन पडत नाही."

मी चार्जर हातात घेतला. काळं प्लास्टिक तपकिरी झालं होतं, कडा मऊ पडल्या होत्या, आणि वास येत होता. जळक्या वार्निशचा तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. आतल्या तारा एकमेकींना टेकल्या होत्या. असा चार्जर मरत नाही, पेटतो. मीटर लावलं. डब्याच्या पाठीवर नऊ व्होल्ट लिहिलेले, आणि हा कसाबसा सातला धापा टाकत होता. मी त्याला नऊ व्होल्टचा, एक अँपिअरचा, आत प्लस असलेला, शिक्का नीट असलेला नवा चार्जर काढून दिला. लावून पाहिला. डबा टुणकन बोलायला लागला, पातळ, नाकातला, झरझर म्हणणारा आवाज. प्रवीण हसला. म्हणाला, नवीन आणला तेव्हा असाच बोलत होता, मधात कसा भसाडा झाला होता. मग मी माझी पक्कड काढली आणि जुन्याची वायर मुळाशी कापली. त्याचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. असे दिवस धंद्यात फार नसतात. त्या दिवशी मी मला स्वतःलाच भजी खाऊ घातली.

पुढच्या बाजाराला एक बाई आली. साठी ओलांडलेली, उन्हातून चालत आलेली, हातात तीच पिशवी. दुकानावर पाटी आहे, पण तिनं पाटी पाहिली नाही. मला पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच का जी ते वायर कापणारे?"

मी थोडा फुगून हो म्हटलं. तिनं पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला. "मी प्रवीणची आई. शेवंता. माझा जुना चार्जर द्या."

तो अजून टोपलीतच वर पडला होता. मी काढून दाखवला, वास घ्यायला लावला, काय झालं असतं ते सांगितलं. तिनं वास घेतला. मग बाहेर ठेवलेल्या स्टुलावर बसली आणि सांगायला लागली. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, डब्याकडे पाहत होती.

तिचा नवरा दशरथ राईस मिलमध्ये हमाल होता. बारा महिने कोंड्याच्या धुळीत. पण आवाज असा, की पौर्णिमेला विहारात वंदना त्यानंच म्हणायची, बाकीच्यांनी मागून. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'गच्छामि' आलं की शेवटचा 'मि' तो लांबवायचा, आणि मग छोटा खोकला. मिलच्या धुळीनं छाती भरली, शेवटी शेवटी 'मि' लहान आणि खोकला मोठा झाला. दोन वर्षांमागे तो गेला. हा डबा त्यानंच नागपूरहून आणलेला. तो गेल्यावर तिनं डबा बंद केला नाही, घर रिकामं लागू नये म्हणून. आणि चार्जर जसा थकत गेला तसा डब्याचा आवाज हळूहळू जड होत गेला. लहान मुलांच्या खेळण्यातले सेल उतरले की बाहुली कशी पुरुषी आवाजात गाते, तसंच. पण त्या घरात ते झालं इतकं हळू, की तिला कळलंच नाही. एक दिवस ती चुलीजवळ तांदूळ धूत होती.

"आणि मी 'ओ' दिली," ती म्हणाली. "त्यांनी हाक मारली असं वाटून. मग लक्षात आलं, डबा आहे. पण तेच जी. तोच 'मि' लांबवलेला, आणि मागून घरघर."

ती घरघर कशाची ते मला माहीत होतं. चार्जरमधला एक भाग सुकला की भिंतीतल्या विजेचा गुणगुणाट आवाजात मिसळतो. मी तो जुना चार्जर परत टोपलीत टाकला.

"प्रवीण म्हणते अंधश्रद्धा आहे," ती म्हणाली. "मी कुठं म्हणून राहिली आत्मा आहे म्हणून? आत्मा-बित्मा आम्ही मानत नाही भाऊ. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरची आहे मी. मी आवाज आहे म्हणून राहिली. आवाज त कानाले ऐकू येते. त्यात कायची श्रद्धा?"

मग तिनं सोप्या शब्दांत मागितलं. वायर कापली तुम्ही, आता जोडून द्या. लोक म्हणतात तुम्हाला दोन मिनिटं लागतात.

खरंच दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, मावशी, घर पेटेल.

"झोपताना बंद करीन."

"कराल?"

ती हसली. "नाही करणार."

इतकं प्रामाणिक गिऱ्हाईक माझ्या दुकानात दुसरं आलं नाही. मी जोडून दिली नाही. ती रडली नाही, भांडलीही नाही. उठली, नवा चार्जर आणि डबा दोन्ही काउंटरवरच ठेवून निघाली. म्हटलं, हे विसरलात. तर म्हणाली, "राहू द्या तुमच्याजवळच. या पोराचं मले काय काम?"

पोराचं म्हणजे, पातळ आवाजाचं.

डबा घरी नेला. जेवताना बायकोला सगळं सांगितलं. माझा पवित्रा असा होता की पहा, मी एक घर वाचवलं. बायको भाकरी मोडत ऐकत होती. म्हणाली, "वायर जोडून नाही दिली ते बरं केलं. पण तुम्ही तिचा चार्जर नाही कापला, आवाज कापला." मग भाजी वाढता वाढता म्हणाली, "आता काही तरी करा, नाही त तो डबा आपल्या घरी ठेवू नका. मले त्या पोराकडे पाहवत नाही."

मग मी विचाराला बसलो. चार्जरचा आजार एक नव्हता, दोन होते. तार जळत होती, तो आजार जीव घेणारा. व्होल्ट उतरले होते, तो आजार आवाज जड करणारा. मी दोघांनाही एकाच पक्कडीनं कापलं होतं. पण दुसरा आजार पहिल्याशिवाय आणता आला तर? नवा चार्जर थंड, भरवशाचा. त्याच्या वायरीत मध्ये डायोड नावाचा बोराच्या बीएवढा तुकडा बसवला, की वीज त्यातून जाताना पाऊण व्होल्टाच्या आसपास सांडून पुढं जाते. जितके डायोड, तितकं उतरतं. एवढ्याशा डब्याला त्यानं काही होत नाही, तापत नाही. (वाचकांनी घरच्या वायफायवर हा प्रयोग करू नये. जन्मभर लोकांना सांगितलं, व्होल्टमध्ये घासाघीस नाही; ती करायची वेळ माझ्यावरच आली, तीही एका माणसासाठी.)

निरोप पाठवला. पुढच्या बाजाराला ती आली. मी वायर उघडून ठेवली होती. पहिला डायोड लावला. तिनं कान दिला. "पोराले मिसरूड फुटली," म्हणाली. बाहेर चहावाला हसला.

दुसरा लावला. तिनं तोंड वाकडं केलं. "हा आमचा लहाना देर. त्यांचा भाऊ, भांडखोर."

तिसरा लावला तेव्हा ती डब्याकडे झुकली. माझी बोटं वायरीवर, नजर तिच्यावर. मी वाट पाहिली आणि चौथा लावला.

"नाही, नाही," ती पटकन म्हणाली. "हे झोपेतले झाले. मागं या."

मी मागे आलो. तीन डायोडांवर. डबा म्हणत होता. 'मि' आला, लांबला. तिनं पदर तोंडाला लावला. गल्लीतून मिरच्यांची गाडी ओरडत गेली, तीही तिला ऐकू आली नसावी.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "घरघर नाही."

मी म्हटलं, आणता येईल मावशी. त्या जुन्यातला एक सुकलेला भाग आहे, त्याची ती घरघर होती. एक लहान जोड करून घालता येईल, धोका नाही. मी खरंच उठलोही, टोपली धुंडाळायला.

"नको," ती म्हणाली. "त्या घरघरीनंच त गेले ते." परत ऐकायला लागली. "हे मिलमध्ये लागायच्या आधीचे आहेत. लग्न झालं तवाचे. मी हा आवाज विसरूनच गेली होती जी."

मी डायोड नीट जोडले, वर प्लास्टिकची नळी चढवली, वायर ओढून पाहिली, चार्जर तळहातावर धरून बसलो, तापतो का पाहायला. थंड होता. ती डबा पिशवीत घालून गेली, पिशवी छातीशी धरून.

खोटं कशाला बोलू, त्यानंतर मी हवेत होतो. चहावाल्यानं गल्लीभर पसरवलं की भाऊ मेलेल्या माणसाचा आवाज बसवून देतात. एक जण येऊन विचारून गेला, जिवंत बायकोचा कमी होते का. प्रवीण गोंदियाहून फोन करून म्हणाला, काका, मम्मी दोन घास जास्त खाऊन राहिली. मी बायकोला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ऐकलं.

धानाची कापणी उरकली, बाजार थंडीत भरायला लागला, आणि शेवंताबाई परत आली. तीच पिशवी. मी घाबरून विचारलं, "मावशी, बिघडला का?"

"नाही बिघडला. म्हणूनच आली."

स्टुलावर बसली. मी चहा सांगितला, तो तिनं घेतला, पण पिईना. कप हातात धरून सांगत राहिली. पहिले महिने फार बरे गेले. सकाळी उठून ऐकायचं, झोपताना ऐकायचं. विहारात गेली, तिथं आता दुसराच माणूस वंदना म्हणतो, तर मनात म्हणायची, माझे घरी आहेत. मग एका पौर्णिमेला विहारात बसल्या बसल्या तिला वाटलं, हे इथं कसे म्हणायचे ते आठवून पाहावं. आणि आठवला तो डबा.

"तेच तेच म्हणते ना तो," ती म्हणाली. "एक अक्षर इकडचं तिकडं नाही. ते असे नव्हते. कधी घाईत म्हणत, कधी विसरत, कधी मधातच माझ्याकडे पाहत, चूल बंद केली का म्हणून. आता डोळे मिटले का डबाच येते. भाऊ, मले त्यांचा आवाज आठवतच नाही. पुसून राहिला." ती थांबली. "त्या डब्यानं त्यांची जागा घेतली जी. काढून टाका त्या तुमच्या वायरीतल्या बिया."

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. बंद करून ठेवा, कधीमधी लावा, असं काहीतरी. पण बंद करणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी नळी कापली. तिन्ही डायोड काढले आणि वायर सरळ जोडली. नऊ व्होल्ट, जितके लिहिलेत तितके. धंद्याच्या दृष्टीनं आता कुठे ते काम बरोबर झालं होतं. लावला. डबा टुणकन बोलला, पातळ, नाकातला, झरझर.

तिनं ऐकलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. "हां. हा पोरगा आहे," म्हणाली. "म्हणू दे त्याले. त्याचं काही नाही." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "आता आठवल ना जी मले?"

किती व्होल्ट, किती अँपिअर, आत प्लस का बाहेर, कोणी काहीही विचारलं तर माझं उत्तर तयार असतं. मी म्हटलं, "मावशी, ते मले नाही सांगता येत."

"बंद करा थोडा," ती म्हणाली.

मी बटण बंद केलं. ती भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले. ओठ हलायला लागले. बाहेर बाजार चालू होता, वांग्यांचा भाव ओरडणारा, एसटीचा हॉर्न, चहावाल्याचा स्टोव्ह. मी हातातली पक्कड खाली ठेवली, आवाज होऊ नये म्हणून कापडावर. ती वंदना म्हणत होती, आवाज न करता. ओळ संपत आली तशी तिची मान थोडी वर झाली, 'मि' लांबवताना माणसाची होते तशी. तिथं ती अडली. परत सुरुवातीपासून म्हटली. परत अडली. मला वाटलं आता रडेल, आणि मी दुसरीकडे पाहायला लागलो.

तेवढ्यात ती खोकली. छोटासा, कोरडा, बाईमाणसाचा नाही असा खोकला. तिनं डोळे उघडले.

"खोकला आहे," ती म्हणाली.

उठली, डबा पिशवीत ठेवला, पदर सावरला. थंड झालेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला, कप माझ्यासमोर ठेवला आणि बसस्टँडकडे जायला निघता निघता म्हणाली, "खोकला सापडला भाऊ. आवाज येईल मागून."